वेदश्रीच्या जाण्याच्या तारखा

५ ऑक्टोबर २०२५

श्रीनिवासाने घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले आहे : "बाबांनी अडवलं, म्हणून वेदश्री जुलैत न्यूझीलंडला येऊ शकली नाही." असत्य! मी नातीला अडवले नाही. तिच्या शाळेचे कागद तिकडे वेळेत पोहोचले नाहीत, एवढेच. शिवाय तिथले सत्र चौदा जुलैला सुरू झाले. त्याने लिहिल्याप्रमाणे एकवीसला नव्हे.

आता प्रश्न नवा. तिथले शालेय वर्ष फेब्रुवारीत सुरू होते. पोरीने जानेवारीतच आईवडिलांकडे जावे, की इथे बोरगावात आमच्याजवळ राहून मार्चपर्यंत दहावीची परीक्षा द्यावी आणि एप्रिलमध्ये तिथल्या वर्गात शिरावे? माझे मत निश्चित आहे. दहावी!

७ ऑक्टोबर

शेजारचे किसनराव कुंपणावरून : "गुरुजी, दहावी-दहावी काऊन करून राह्यले? तिकडं कोन पाहते मार्कशीट?"

मी पाहतो, असे मी म्हणालो.

"मंग तुमीच द्या ना परीक्षा!"

यशोदा स्वयंपाकघरात हसली. मोठ्याने! बावन्न वर्षांच्या संसारात तिने प्रथमच किसनरावांची बाजू घेतली.

८ ऑक्टोबर

मत निश्चित आहे.

१० ऑक्टोबर

काय ही सकाळ! तिथल्या शाळेत प्रवेशाचे काम पाहणाऱ्या बाईंशी मोबाइलवर समोरासमोर बोलणे झाले. तिथे दुपारचे दोन, इथे सकाळचे साडेसहा. मी इस्त्रीचा सदरा घातला. वेदश्री म्हणाली, "आबाजी, ॲडमिशन माझी आहे, तुमची नाई!"

बाईंनी माझ्या इंग्रजीची स्तुती केली. (वेदश्रीने पुढे काही बोलू दिले नाही.) मग त्या म्हणाल्या, फेब्रुवारीत विषय, गट, बाके सारे नव्याने ठरते, मध्येच आलेले मूल उरलेल्या जागी बसते.

मी छत्तीस वर्षे शिकवले. मध्येच आलेल्या मुलाचे नाव मी हजेरीपटाच्या अगदी तळाशी लिहीत असे. घाईत असलो, की ते वाचायचेच राहून जाई.

वेदश्री तळाशी? मुळीच नाही!

"जानेवारी!" — मीच ओरडलो. तिने माझे दोन्ही हात धरून मला अंगणात गोल फिरवले. वय एकोणऐंशी. पडलो नाही!

१२ ऑक्टोबर

भिंतीवर दुसरे घड्याळ लावले. साडेसात तास पुढचे. सकाळी सहाला किसनराव डोकावले आणि दीड वाजलेला पाहून दचकले : "जेवाची येळ टळली का गुरुजी!" हसून हसून माझे पोट दुखले. यशोदा म्हणे, "अहो, पोरगी जाऊन राह्यली न् तुमी नाचून राह्यले!"

खरेच आहे. नाचतो आहे.

१३ ऑक्टोबर

तारखांची दुरुस्ती, पूर्ण आणि अखेरची :

सत्राची सुरुवात — १४ जुलै. वर लिहिले ते बरोबर.

शाळेने कागद माझ्या हाती दिले — २० जून.

ते मी टपालात टाकले — १ ऑगस्ट. मधले सर्व दिवस पाकीट कपाटात, माझ्या धोतरांखाली होते. श्रीनिवासाचे म्हणणे खरे.

वेदश्रीला ते तिथे सापडले — २३ जून. आज सांगते आहे, लबाड! "तेव्हा मलेही नव्हतं जायचं, आबाजी. म्हणून होतं तसं ठेवून दिलं."

जाण्याची तारीख — २४ जानेवारी. तिने स्वतः निवडली.