बारवेची चौथी बाजू

गेवराई,
१२ जानेवारी २०२५

ती. अण्णा,

पाया पडते. आपल्या बारवेची पुन्हा केलेली मोजणी पुरातत्त्व खात्याने स्वीकारली. आमच्या गटाचे प्रमुख अभिमन्यू सर यांनी काल तसं कळवलं. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून गावाकडे निघालेल्या हनुमानदादाच्या हाती हे पत्र देतेय. काकूंची कंबर आता बरी आहे आणि कालवड चारा खायला लागली, असं तो म्हणाला. बरं वाटलं.

आम्ही तिथे काय करत होतो ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. वरून ड्रोन फोटो काढतो. आत मी मोबाईल फिरवत पायरी पायरी उतरते. ते सगळे फोटो जोडले की कॉम्प्युटरवर अख्खी बारव उभी राहते, कोनाड्यांसकट. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींची फडकी अंथरतो, ती ड्रोनच्या खुणेची. प्रत्येक फडक्याची जागा आधीच मोजलेली असते.

पहिल्या खेपेला बारव तिरपी आली. एक कोपरा शेजारच्या बन्सीमामांच्या ज्वारीत घुसला होता. मामा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "वनमाला, माझ्या ज्वारीत बारव कवा आली गं? तुझ्या काकाला, मोहनरावाला सांग, आता पाणी मला इचारून घ्यायचं." सगळे हसले. मीही हसले. सर म्हणाले, यंत्राची चूक असेल.

तुमचा निरोप काकूंनी फोनवर दिला. "तुझा काका लई गरम हाय. म्हंतो, माझ्याच पुतणीनं माझ्या गोठ्यावर इमान उडवलं. तीन बाजू दिसत्यात, तीन लिही म्हणावं. चौथी कुणी बघितली?"

चौथी मोबाईलने बघितली, अण्णा. त्या अंगाच्या खालच्या पायऱ्या गाळातून वर आलेल्या दिसतात. वरच्या भरावाखाली आहेत, आणि भरावावर आपला गोठा आहे.

परवा चकलांब्याच्या स्टँडवर जेसीबीवाला भेटला. "ताई, तुमचे काका म्हंत्यात हीर बुजवून टाक, आन् तुमी मोजून ऱ्हायल्या. एकदा घरात ठरवा की." घरात ठरवण्यासारखं आता काय उरलंय, अण्णा?

एक गोष्ट लिहू की नको म्हणत इथपर्यंत आले. ड्रोन माळाच्या अंगाला गेला तेव्हा तो लांब गेला असं तुम्हाला वाटलं असेल. परतीच्या एका फोटोत तुम्ही आहात. वरून फक्त रुमाल आणि काठी दिसते, आणि काखेत आमची दोन फडकी. दगड सरकला की बांध सरकतो हे तुम्ही सोसलेलं आहे. आबाआजोबांचं रान भाऊबंदांनी असंच कोरून खाल्लं. फडकी बन्सीमामांकडे नेली की बारवही गोठ्याखालून तिकडे सरकेल, असं तुम्हाला वाटलं. मला राग आला नाही.

तो फोटो मी सरांना दाखवलेला नाही. मोजणी पुन्हा करू एवढंच मी म्हणाले. मात्र पहिली का चुकली असं कोणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. तुम्हीच आधी सांगितलंत तर बरं होईल.

अहवालात चारही बाजू आहेत. चौथीपुढे "मोहनराव यांचा गोठा" हे शब्द माझ्याच हाताने लिहिलेत. बाबांच्या मागे माझं शिक्षण त्याच गोठ्यातल्या दुधावर झालं, हे विसरले नाही. म्हणून तर ते शब्द लिहायला मला इतका वेळ लागला. पण काढणार नाही. बारव बुजवली तर माझ्याकडे तिची मापं राहतील. नुसत्या मापांचं मी काय करू?

गुरुवारी सकाळी खात्याचे अधिकारी आणि तालुक्याचे भूमापक येतील. गोठ्याच्या एका कोपऱ्यातला कोबा उचलून खाली पायरी लागते का ते बघतील. लागली तर तुम्हाला नोटीस येईल. तिच्यावर हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. अर्ज मी लिहून देईन, आणि गोठ्यासाठी दुसरी जागा मागायलाही तुमच्याबरोबर येईन.

तोवर जेसीबी बोलावू नका. मी बुधवारीच येतेय. तो आधी येऊन थांबलेला दिसला, तर पिशवी तुमच्या ओट्यावर ठेवून मी तशीच बारवेत उतरेन आणि खालच्या पायरीवर बसेन. काढायला तुम्हालाच यावं लागेल. जेसीबी आलाच नाही, तर तुमच्या घरीच जेवेन.

तुमच्या गोठ्याविरुद्ध सही केलेली,
तुमचीच
वनमाला