परवा येणारी ताकद

सर, आज सकाळी जिन्याची शेवटची पायरी उतरताना पाय इतका अलगद टेकला की आवाजच झाला नाही, आणि तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. उत्रोलीतलं भात काढून झालेलं ते रिकामं खाचर अजून तसंच दिसतं. धसकटं उपटून आम्हीच चोपलेली जमीन, कडेला धुकं, आणि आंब्याच्या लाकडी पेट्यांवर उभ्या आम्ही नववी-दहावीच्या मुली. पेटीवरून खाली उडी, पाय टेकताच पुन्हा वर. तुम्ही पाठ करून उभे राहायचात आणि नुसत्या आवाजावरून ओळखायचात कोण दमलंय. "जमीन तापल्या तव्यासारखी समजा. टेकला की उचलला." प्लायोमेट्रिक हे नाव तुम्ही फळ्यावर लिहून दाखवलं होतंत, आम्ही त्याला उड्यांचा तास म्हणायचो. वर गेल्यावर एक क्षण असायचा, त्यात वजन नसायचं, घरची भांडी नसायची, मी कुणाची मुलगी नसायचे. झोपेत मी अजून कधीकधी तिथं असते.

आठवड्यातून दोनच दिवस, ही तुमची अट. उडी आज मारायची, ताकद परवा येते, असं म्हणायचात. मला परवापर्यंत थांबवत नव्हतं. वेल्ह्याच्या शाळेशी फुटबॉलचा सामना झाला तेव्हा त्यांच्या एका उंच मुलीनं डोक्यावरून येणारा प्रत्येक चेंडू माझ्याआधी घेतला होता, आणि जिल्ह्याची निवड महिन्यावर आली होती. मग मी रोज पहाटे घरी, गोठ्याच्या दगडी ओट्यावरून उड्या मारू लागले. पन्नास, मग शंभर. आई चुलीपाशून विचारते, "काय गं, अंगात आलंय का तुज्या?" आणि मी हसून पुन्हा ओट्यावर चढते.

तीन आठवड्यांनी नडगी ठणकू लागली. भोरच्या डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर आहे म्हणून प्लास्टर घातलं आणि उड्या किती मारता, असं विचारलं. मी तुमच्या तासाच्या तेवढ्या सांगितल्या. वडील मला सायकलवर बसवून थेट शाळेत घेऊन गेले. "पोरीचं लगीन व्हायचंय अजून. पाय गेला तर तुमी निस्तरणार व्हय?" मी दाराशी भिंतीला धरून उभी होते. त्याच आठवड्यात हेडसरांनी मुलींचा फुटबॉल बंद केला, पेट्या शिपायाच्या बंबात गेल्या. आमची गोलकीपर मला म्हणाली, तुझ्या एका नडगीपायी सगळ्यांचे पाय बांधले. तिलाही मी खरं सांगितलं नाही.

मग तुम्ही घरी आलात. रमजान चालू होता. आईनं सवयीनं चहा आणला, तुम्ही रोजा आहे म्हणालात, ती ओशाळून कप परत घेऊन गेली. तुम्ही ओट्यावर बसलात, त्याच ओट्यावर, आणि प्लास्टरकडं बघत राहिलात. "बाळ, माझा अंदाज चुकला. तुझं हाड कोवळं आहे, हे मला कळायला हवं होतं." मी म्हणाले, असू द्या सर. पुढं कितीदा तरी तुम्ही मला एसटी स्टँडवर भेटलात, दर वेळी आधी पायाची चौकशी केलीत. मुलींना पुन्हा कधी उड्या शिकवल्या नाहीत, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

पाय बरा आहे, सर. तुमचा अंदाज बरोबर होता. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. वडिलांच्या धाकानं गप्प बसले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं आहे, पण पुरतं नाही. एक मोठा माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता, आणि मला ते आवडलं होतं.