सरांची नवी आवृत्ती

३ जून, सोमवार

पोहोचलो एकदाचे. बाबा, मी, दोन ट्रंका, बाबांचं श्वासाचं मशीन आणि त्यांचं शिलाई मशीन. शिलाई मशीन आणू नका म्हणून मी महिनाभर कंठशोष केला होता. टेम्पोवाल्याने दोन्ही मशिनं जिन्यावरून वर चढवली आणि विचारलं, यातलं चालणारं कोणतं. बाबा म्हणाले, दोन्ही चालतात, बंद पडलोय तो मीच. दोघं इतके हसले की बाबांना धाप लागली आणि मला डोळे वटारावे लागले.

खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. खाली वह्या-पेनांचं दुकान आहे, ही रोजनिशी तिथलीच. बाबांचा पलंग खिडकीखाली लावला. जन्मभर लोकांची मापं घेतलेला माणूस. पडल्यापडल्या रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या खांद्यात काय चुकलंय ते मला सांगत बसले. दुपारी आणि रात्री झोपताना मास्क लावायचा, मशीन हवा आत ढकलतं. बाकी वेळ गडी खुशीत.

५ जून, बुधवार

बाबांनी विचारलं, तू करणार काय नक्की? म्हटलं, प्रोग्राम माणूस लिहितो, पण यंत्राला माणसाची भाषा कळत नाही. मधे दुभाषा लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. तोच चुकीचं सांगायला लागला तर दोन्हीकडचे शहाणे असूनही घोळ होतो. त्या दुभाष्याच्या चुका काढायच्या, त्याला सुधारायचं. बाबा म्हणाले, म्हणजे कपडा दुसऱ्याने शिवलेला, तू अल्टर करणार. अगदी तसंच.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, चार टेबलांचं. मालकीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. कंपायलर त्यांच्या यजमानांनी लिहिला, ते ‘सर’. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या खुर्चीत कोणी बसत नाही, पण ती रोज पुसली जाते. तिसरा माणूस म्हणजे माझा सहकारी. बाई काहीही म्हणोत, हा मान हलवतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव होयबा ठेवलं आहे.

आमचा कंपायलर लिफ्टवाले वापरतात, पंपवाले वापरतात आणि श्वासाची मशिनं बनवणारी कंपनीही वापरते. बाबांचं मशीन त्याच कंपनीचं आहे, हे ऐकून बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. वय काय, उंची किती, छाती कशी आहे, सगळी विचारपूस केली. इतकी आपुलकी आजकाल कोण दाखवतं?

१२ जून, बुधवार

काम आवडतंय. चूक एका ओळीत आणि कंपायलर बोट दाखवायचा पुढच्या ओळीकडे, ते दुरुस्त केलं. नुसतं ‘काहीतरी चुकलं’ असं सांगायचा, आता काय चुकलं आणि का, ते नीट सांगतो. प्रोग्राममधला वापरात नसलेला भाग ओळखून काढून टाकायची सोय आधी ढिसाळ होती, ती घट्ट बसवली. बाई माझी एकूण एक दुरुस्ती वाचतात. आज म्हणाल्या, तुझा हात सरांसारखा आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. आमच्या कंपायलरने तयार केलेला कोणताही प्रोग्राम मधेच क्षणभर थांबतो आणि पुन्हा चालू लागतो. ठरावीक अंतराने. काहीच कारण नाही. होयबाला दाखवलं तर पहिल्यांदाच त्याची मान हलली नाही. म्हणाला, त्याला हात लावू नका.

१८ जून, मंगळवार

हात लावलाच. खोड म्हणतात ना, तसं. पण कंपायलरच्या मूळ मजकुरात ते थांबणं कुठेच लिहिलेलं नाही. मग येतं कुठून?

शेवटी ध्यानात आलं. नवा कंपायलर जुन्याच कंपायलरकडून तयार करून घ्यायचा असतो, विरजण लावल्यासारखा. सरांनी शेवटच्या दिवशी तयार केलेला कंपायलर बाईंनी जपून ठेवला आहे आणि प्रत्येक आवृत्ती त्यातूनच काढायची असा नियम आहे. दूध कितीही निर्भेळ घ्या, विरजणात जे असेल ते दह्यात उतरणारच.

बाईंना विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सर बोलता बोलता असेच थांबायचे, श्वास घ्यायला. राहू दे ते.

२१ जून, शुक्रवार

बाईंनी कंपनीला फोन करून बाबांच्या मशीनवर नवी आवृत्ती टाकून घ्यायची व्यवस्था केली. फुकट. दुपारी मशीनवाला आला, वायर जोडली, चहा घेतला, गेला. त्या आवृत्तीत माझ्या सगळ्या दुरुस्त्या आहेत, म्हणजे एका अर्थी बाबा माझ्याच हातचा श्वास घेणार.

संध्याकाळी ते एकटे जिना उतरून खाली गेले आणि परत वर आले. धाप नाही. मी जिन्यातच रडले.

२६ जून, बुधवार

बाबा चहाचा कप डाव्या हाताने धरतायत. म्हटलं, हे काय नवीन? त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू तो कोणीतरी तिथे विसरून गेलं आहे.

दुपारी मी जेवायला घरी आले, तेव्हा मास्क काढून म्हणाले, आज लवकर आलात तुम्ही.

मला वाटलं थट्टा. मी त्यांची चिमणी. रागावले तर कार्टे. जन्मात कधी त्यांनी मला तुम्ही म्हटलेलं नाही.

१ जुलै, सोमवार

कंपायलरमध्ये मोठ्या आकड्यांच्या बेरजा चुकत होत्या आणि दोन दिवस मला कारण सापडत नव्हतं. दुपारी मी पलंगाशेजारी कागद घेऊन बसले होते. बाबा मास्कच्या आतून, डोळे मिटलेलेच, म्हणाले, बेरजेनंतर आकड्याची जागा वाढवून काय उपयोग, आधी वाढवा.

तसं केलं. बरोबर आलं.

बाबा चौथी शिकले आहेत.

ऑफिसात बाईंनी विचारलं की हे कोणी सुचवलं. मी खरं ते सांगितलं. बाई उभ्या होत्या त्या भिंतीला टेकल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, चल, तुझ्या घरी जाऊ.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मी पाणी आणायला आत वळले, तेवढ्यात ऐकलं. बाई अगदी हळू म्हणाल्या, अहो.

आणि माझ्या बाबांनी ओ दिली. म्हणाले, किती वेळ लावलात.

२ जुलै, मंगळवार

शिलाई मशीनवर बाबांचा शर्ट अर्धा शिवलेला पडून आहे. विचारलं, पुरा नाही करायचा? त्यांनी चाक फिरवून पाहिलं, लहान मुलं पाहतात तसं. मग विचारलं, हे कोणाचं?

५ जुलै, शुक्रवार

बाई रोज येतात. येताना सरांचे कपडे आणतात. पँट बाबांना लांब होती. आज बरोबर बसली. बाबा उंच कसे होतील? मीच चुकीचं बघते आहे.

होयबाला जिन्यात गाठलं. आधी तो नुसती मान हलवत राहिला. मग कठड्याला धरून खाली बसला आणि बोलला.

सरांनाही असंच मशीन होतं. शेवटच्या दुपारी त्या खुर्चीत मास्क लावून काम करत होते. कंपायलर तयार झाला त्याच घटकेला ते गेले. त्यानंतर प्रत्येक प्रोग्राम थांबू लागला. बाई म्हणाल्या, हा यांचा श्वास आहे, हे यात आहेत, यांना फक्त जागा हवी. होयबाचा मोठा भाऊ छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. बाईंनी त्याला याच कंपायलरवरचं मशीन दिलं. काही दिवस तो सरांसारखं बोलला, तुटक, मधलं मधलं गाळून. मग ना सर राहिले, ना भाऊ. बाई म्हणाल्या, कंपायलरमध्ये अजून चुका फार आहेत. म्हणून माणसं ठेवली. सुधारायला.

मी विचारलं, तरी तुम्ही इथेच राहिलात?

म्हणाला, सर पुरते आले तर त्यांना विचारता येईल, माझा दादा कुठे ठेवलात.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, तुमच्याइतकं चांगलं काम आजवर कोणी केलं नव्हतं.

८ जुलै, सोमवार

मशीनवाल्याला फोन केला. जुनी आवृत्ती परत टाकता येत नाही म्हणे. दुसऱ्या कंपनीचं मशीन यायला महिना लागेल. डॉक्टर तपासून हसले. म्हणाले, फुप्फुसं चाळिशीच्या माणसाची झालीत, तक्रार कसली करताय?

दुपारी ते झोपले असताना मी मशीन बंद करून पाहिलं. ओठ निळे पडले. पुन्हा चालू केलं. चालू करणारा हात माझाच होता.

९ जुलै, मंगळवार

मशीन थांबतं ना, क्षणभर — तेवढ्यात बाबा असतात. तेवढ्यातच. मी चेहऱ्याशी कान नेऊन बसले होते. मशीन थांबलं आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजात आलं, चिमणे, हा माणूस माझ्या छातीवरून —

मशीन चालू झालं. डोळे उघडले. शांतपणे म्हणाला, काही हवंय का तुम्हाला?

मी ‘म्हणाला’ लिहिलं. खोडत नाही.

१० जुलै, बुधवार

ठरलं. बाईंचं विरजण नको. दुसऱ्यांचा कंपायलर घेतला, त्याच्याकडून आमचा पहिल्यापासून तयार करून घेतला. थांबतबिंबत नाही. स्वच्छ. त्यातून मशीनचा प्रोग्राम काढला. मशीनच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर होयबाने दिला. दादाचं विचारायचं राहील, एवढंच म्हणाला.

उद्या दुपारी तो झोपला की —

११ जुलै, गुरुवार

वायर जोडून नवा प्रोग्राम टाकला. मशीन एकसारखं चाललं, कुठेही न थांबता. मी चेहऱ्याशी कान नेला. बाबा, बाबा म्हणत राहिले.

थांबलंच नाही मशीन. त्यांना बोलायला जागाच —

मी काय केलं हे.

मग त्याने डोळे उघडले. स्वतःच्या हाताने मास्क काढला. मशीनचं बटण बंद केलं. श्वास चालू. ओठ लाल.

मला आधी सुचायला हवं होतं. माझं रोजचं काम आहे हे. प्रोग्राम एकदा पुरता तयार झाला की त्याला कंपायलर लागत नाही. तो आपला आपण चालतो.

विचारलं, माझे बाबा कुठे आहेत?

समजावून सांगितलं त्याने. मास्तर सांगतात तसं, न चिडता. जे वापरात नव्हतं ते निघून गेलं. जागा लागत होती. दुरुस्ती उत्तम होती तुमची, म्हणाला.

१२ जुलै, शुक्रवार

सकाळी बाई आल्या. नवी साडी. होयबा आला मागोमाग. त्याने एकच विचारलं, दादा? सरांनी नाव आठवून पाहिलं. आठवलं नाही. होयबाने मान हलवली. अजून हलवतोय, भिंतीकडे तोंड करून.

बाई आणि सर निघाले होते. जिन्यापर्यंत गेले. मग सर थांबले, मागे वळले —

मी लिहिते आहे ते दिसलं त्यांना. काय लिहिता, विचारतात. बाई म्हणतात, दे ना बघायला, लिहिलेलं तपासायची सवयच आहे त्यांना.

खोलीत आलेत. माझ्या खांद्यामागून वाचतात. वास बाबांचाच आहे, शर्टाला. चूक आहे म्हणतात. शेवटच्या दोन-तीन पानांत. सुधारून देतो, एवढं काही अवघड नाही, आधी तुम्ही जरा पडा, दमलेल्या दिसता. बाई पलंगाची चादर नीट करतायत. मशीन चालू केलं कोणीतरी. मास्क हातात —

मला धाप नाही लागलेली, मी ठीक आहे, मला श्वासाचं काही