मोटर जळालेली नव्हती

प्रिय हुसेनभाई,

आपली प्रेस भोसरीहून महाळुंग्याला आणायला खरं काय लागलं, ते आधी सांगतो. एक हायड्रा क्रेन, एक ट्रेलर, शटरवरची अर्धी भिंत, ती फोडणाऱ्या गवंड्याच्या शिव्या, चाकणच्या चौकात अडकलेली अख्खी सकाळ आणि माझी झोप. बाकीचं भरून निघेल. झोपेचं काय करू?

तुम्ही हयात असताना आपण एकमेकांना कधी दोन ओळी लिहिल्या का? पण हे मला घरात बोलता येत नाही. आणि आपल्या ज्या शाळेत तुम्ही पोरांना फिटर केलंत, तिथे तर नाहीच नाही.

जुन्या शेडच्या मालकाला तिथे टॉवर उभा करायचाय, म्हणून शाळेचं वर्कशॉप हलवलं. लेथ गेले, ड्रिल गेलं, शेवटी ती पत्रा कापायची प्रेस. तुम्हीच सांगितलं होतंत, "दत्ताशेट, मोटर जळली. राहू द्या तशीच, पोरांना दाखवायला बरी आहे." मी राहू दिली. बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात घेतलेली माझी पहिली मशिन ती, भंगारात काढायला मन धजलं नाही.

नव्या शेडमध्ये बाळू वायरमनने झाकण उघडलं आणि मला हाक मारली. "शेट, हे कुणी केलंय? मोटर एकदम ओके आहे. वायरी काढून टोकांना टेप मारलाय नुसता."

इतका नीट टेप दुसरं कोण गुंडाळणार? मला हसू आलं. म्हटलं, वयामुळे विसरले असतील. "जोड," मी म्हणालो.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. मशिन बिघडायच्या आधी मला ऐकू येतं, असं मी अख्ख्या एमआयडीसीत सांगत फिरतो. डोळे मिटून ऐकलं. चाक कसं गोड फिरत होतं. मुलांना म्हणालो, "बघा, हुसेनसरांची मशिन. ठणठणीत आहे."

वैष्णवीला पुढे बोलावलं. लातूरची मुलगी, तुम्ही तिला पाहिलं नाही, या बॅचला आपल्याकडे पहिल्यांदाच मुली आल्यात. मी पेडल दाबलं, ठोका पडला, वॉशर कापला गेला. मी पाय काढला. म्हणालो, "घे काढून."

तिचा हात निघाला होता. पण गॉगल घसरला म्हणून तो आधी नाकाकडे गेला. तेवढ्यात दुसरा ठोका पडला. पेडलवर कुणाचाही पाय नव्हता.

तीच म्हणाली, "सर, बसा तुम्ही. मला काही झालं नाही." मी तिच्या हातांकडे बघत होतो. दहाही बोटं जागेवर होती. तरी पुन्हा मोजली.

डबल मारते ती. तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर वायरी काढल्यात. पण मला खोटं का सांगितलंत? इतकी वर्षं आपण एका डब्यात जेवलो. 'ही बोटं खाईल' एवढं म्हणायला काय जड होतं?

भाभींना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं, तर तुम्ही कान लावला असता आणि म्हणाला असता, काही नाही, चालू द्या." मान तिरकी करून, डोळे मिटून, अगदी माझ्या आवाजात म्हणाल्या. घरी तुम्ही माझी ही नक्कल करायचात म्हणे. मला कधी करून दाखवली नाहीत ती.

मी वायरी पुन्हा काढून टाकल्या. तरी भीती जात नाही. शेडला कुलूप लावतो, गाडीपर्यंत येतो आणि परत जाऊन बघतो, कुणी जोडल्या तर नाहीत ना.

त्यात मी प्रेस तोडायला काढलीय, ही बातमी शेजारच्या शेडवाल्याला लागली. "चालू मशिन आहे ना, शेट? मग तोडताय कशाला? मला द्या. आमची पोरं सवयीची आहेत."

सवयीची म्हणे. तेव्हापासून कुणाचाही हात पुढे आला की माझी नजर आधी बोटांवर जाते. चहावाला, रिक्षावाला, परवा मुलाच्या सोयरिकीला आलेले पाहुणे. पाहुण्यांची दोन बोटं कमी होती. कारखान्यांच्या या पट्ट्यात हे इतकं आहे, आणि मी कधी बघितलंच नव्हतं?

आता शब्द देतो. प्रेस विकणार नाही. दुरुस्त करून बघू, असंही म्हणणार नाही. सोमवारी गॅसकटरवाला येतोय. आधी ठोका मारणारा क्रँक कापायचा, म्हणजे कुणाला परत जोडता येणार नाही. शेवटचा तुकडा टेम्पोत पडेपर्यंत मी तिथून हलणार नाही.

आणि कापायच्या आधी मुलांना समोर उभं करून खरं ते सांगेन. दुसरा ठोका पडण्याआधी मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

तुमचा,
दत्ता