पुढल्या दसऱ्याची चिंधी

माय, तुला कॉम्प्युटर म्हणजे काय ते नीट सांगत बसलो तर कागद तिथंच संपेल, म्हणून एवढंच धर की आपल्या विहिरीवरच्या इंजिनासारखं एक यंत्र आहे, फक्त ते पाणी उपसत नाही, अक्षरं उपसतं. वर टीव्हीसारखी काच, खाली एक चपटी पेटी, पुढं बटणांची पाटी. टीव्ही तरी तू कुठं पाहिला होतास म्हणा. तू गेल्यावर पेडगावात पहिला टीव्ही आला तेव्हा मी खिडकीला लोंबकळून बघत होतो आणि खिडकीचं दारच माझ्या हातात आलं, ती एक वेगळीच कथा आहे. बरं, ते राहू दे. मानवतला एका तेलघाण्याच्या वर खोली आहे. तिथं एका म्याडमनी शाळेतली नोकरी सोडून कॉम्प्युटरचा क्लास काढला आहे. गावात असं यंत्र हे एकच. मी तिथं विजेच्या वायरी ओढायला आलो होतो, तो राहिलोच. सकाळी झाडून काढतो, यंत्र चालू करतो, पोरं येण्याआधी चपला बाहेर नीट लावतो, रात्री त्याच खोलीत झोपतो. नववीतून शाळा सुटल्यापासून मी परळीच्या गाडीत शेंगा विकल्या, नांदेडला व्हिडिओच्या कॅसेटी उलट्या गुंडाळल्या, जालन्यात एका ट्रकवर क्लीनर होतो, आणि कुठंही एक पावसाळा धड काढला नाही. तू म्हणायचीस तसंच झालं बघ, पायाला भिंगरी. इथं मात्र यायचं कारण संपलं तरी पाय निघेना.

तर हे यंत्र दिवाळीच्या आसपास थिजायला लागलं. बंद पडत नाही, थिजतं. काचेवर अक्षरं तशीच राहतात, लिहायच्या जागी लुकलुकणारी रेघ असते ती थांबते, आणि मग कुठलंही बटण दाबा, देवाला नवस बोला, काही होत नाही. बंद करून परत चालू करावं लागतं आणि लिहिलेलं सगळं जातं. रोज झालं असतं तर बरं, पण तसंही नाही. एखाद्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुतासारखं सरळ चालायचं, दुसऱ्या दिवशी तास झाला की थिजलं, पुन्हा चालू केलं की पुन्हा थिजलं. क्लासला एक मुनीमजी येतात, कापसाच्या आडतीवरचे, पन्नाशी उलटलेले, एका बोटानं टाइप करणारे. ते म्हणाले, "म्या पान भरत आणलं की बरोबर थिजतंय बघा. माझ्यावरच दात हाय ह्याचा." म्याडम म्हणाल्या, "तुमचं एक पान भरेस्तोवर माणूस म्हातारा होतोय मुनीमजी, यंत्राचं काय घेऊन बसलात." हसल्या, पण हसताना त्यांचं लक्ष त्या काचेवरच होतं. पोरं बाहेरगावाहून, झरीवरून, पार आडवळणाच्या खेड्यातून येतात, आणि यंत्र थिजलं की खिडकीतून तेलघाणा बघत बसतात. एकेक जण यायचा थांबायला लागला. परीक्षा घ्यायला औरंगाबादहून माणूस येणार होता. त्याच्यापुढं यंत्र थिजलं तर क्लासची मान्यताच गेली असती. म्याडमनी सासरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, हे चाललं नाही तर यंत्र परत करीन आणि पुन्हा शाळेच्या दारात उभी राहीन.

उपाय काय कमी केले? सरकीचा धुरळा असेल म्हणून मी पेटी उघडून रंगाच्या ब्रशनं सगळा कापूस झाडला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतलं. स्टॅबिलायझर बदलला. यंत्र या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं. कुणीतरी म्हणालं व्हायरस असेल, तर मुनीमजी दोन दिवस नाकाला रुमाल बांधून बसले. औरंगाबादहून इंजिनिअर आला, चांगला माणूस होता, दुपारभर घाम गाळला, पण त्याच्यापुढं यंत्र जावयासारखं शहाणं होऊन बसलं, एकदासुद्धा थिजलं नाही. जाताना म्हणाला, "दिसलेला दोष काढता येतो. जो दिसतच नाही त्याला मी कुठून धरू?" आणि त्याची एसटी फाट्यावर पोचली नसेल तोवर थिजलं.

त्या दिवशी जिन्यात बसलो होतो आणि इंजिनिअरचं ते वाक्य मला कुठंतरी आधी ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं. झरीचा मिस्त्री आपल्या विहिरीवर उभा राहून तुला हेच म्हणाला होता. तुझे कारभारी, म्हणजे आमचे दादा, चुलत्याबरोबर ऊसतोडीला गेलेले, गहू नुकता वर आलेला, आणि इंजिन मनाला येईल तेव्हा बंद पडतंय. मिस्त्रीनं नोझल काढून धुतला, फिल्टर बदलला, त्याच्यापुढं इंजिन डुगडुग डुगडुग चाललं, तो सायकलवर बसून गेला आणि पाटाचं पाणी अर्ध्यात थांबलं. तू हँडल मारून मारून बेजार. मग तू मला इंजिनापाशी बसवलंस. "हितं बस. हलू नको. बंद पडल्यावर काय झालं ते कुणीबी सांगतंय. बंद पडायच्या आधी काय झालं ते सांग मला." मी बसलो. पण बांधावर बोरी होती, आणि बोरीवर खार होती, आणि खार पलीकडच्या शेतात गेली. परत आलो तर इंजिन गप. तू पाटाच्या टोकावरून फावडं घेऊन आलीस. "काय झालं रे आधी?" मी म्हणालो, "बोरं पिकली होती." वाटलं आता फावड्याचा दांडा बसतो. तू हसली नाहीस, मारलंही नाहीस, नुसतं माझ्या हातातल्या बोरांकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बुड टेकवून बसायलाबी ताकद लागती बाबा. ती तुला अजून आली न्हाई."

दुसऱ्या दिवशी तू स्वतः बसलीस. मला ते अजून दिसतंय. तुझे हात मांडीवर आहेत आणि रिकामे आहेत. निवडणं नाही, टिपणं नाही, चिंधी शिवणं नाही. तुझे हात रिकामे मी त्या एका दिवशीच पाहिले. मी थोडा लांब बसून तुझ्याकडं बघतोय, कारण इंजिनापेक्षा तेच नवलाचं आहे. मग इंजिनाचा आवाज बारीक होत जातो, भूक लागल्यासारखा, आणि तू हँडलकडं धावत नाहीस. तू वाकून डिझेलच्या टाकीला कान लावतेस आणि टोपण फिरवतेस. सुस्स करून वारा आत जातो, आणि इंजिन पुन्हा जोरात. तू टोपण उलटं करून उजेडाकडं धरतेस. त्याच्या मध्ये वारा जायला एक बारीक भोक असतं, ते बुजलेलं. बाभळीचा काटा घेऊन तू ते कोरतेस, आणि तळहातावर वाळलेल्या कुंकवाची खपली पडते. "अगं बया, हे तर म्याच!" असं म्हणून तू जी हसायला लागलीस. खंडेनवमीला औजारांची पूजा करताना तू इंजिनाला हौसेनं ओलं कुंकू माखलं होतंस, नेमकं टोपणावर. मिस्त्री आला की आधी टोपण काढून डिझेल बघायचा, वारा आत जायचा, म्हणून त्याच्यापुढं इंजिन बिघडायचंच नाही. मी म्हणालो, "मग आता पूजा करायची नाही का?" तू म्हणालीस, "कामून न्हाई? वर्षभर राबतंय ते. पुढल्या दसऱ्याला टोपणाला चिंधी बांधू आन् मंग पूजा करू." तो पुढला दसरा तुला मिळाला नाही. त्या श्रावणातच तू तापानं गेलीस, आणि इंजिन दादांनी विकलं.

हे सगळं आठवलं तरी मी लगेच काही शहाणा झालो नाही. उलट पिशवी भरली. परीक्षा तोंडावर होती, म्याडमनी यंत्राचं मूळ खोकं माळ्यावरून काढून ठेवलं होतं, आणि मी सुरतेला जायचं ठरवत होतो. पण तेवढ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा सगळं पेटलं, एसटी थांबल्या, बाजार बंद, तेलघाणा बंद, खेड्यावरची पोरं खेड्यावरच राहिली. जायलाच मिळेना. त्या सकाळी सवयीनं यंत्र चालू केलं आणि करायला काही नव्हतं म्हणून समोर बसलो. मुद्दाम हात मांडीवर ठेवले. तुला सांगतो, लय अवघड काम आहे ते. खालचा घाणा रोज खोलीच्या भिंती हलवत असतो, त्या दिवशी गाव इतकं गप होतं की भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणंही ऐकू यायचं. आणि यंत्राचा आवाज मात्र येत नव्हता. मला वाटलं त्याला आवाजच नसेल. तास गेला, थिजलं. बंद केलं, परत चालू केलं, आणि या वेळी पेटीच्या मागून घुर्रर्र असा पंख्याचा आवाज आला. मी ताडकन उठलो. मागं हात नेला तर तळव्याला वारा लागला. बंद, चालू. पुन्हा वारा. बंद, चालू. वारा नाही, आणि थोड्या वेळानं पेटी तव्यासारखी तापलेली. थिजायच्या आधी काय होतं? माय, थिजायच्या आधी त्याचा श्वास बंद असतो.

म्याडम मागच्याच खोल्यांमध्ये राहतात, त्यांना हाक मारली. वायर उपटली, मागची जाळी काढली, त्यांच्या केसातली पिन मागून घेतली आणि पंख्याच्या पात्याशेजारी घातली. खडखड करून एक दाणा बाहेर आला. तांदळाचा. लाल. कधी तो फटीत पडून राहायचा, कधी पात्याखाली अडकायचा, एवढाच खेळ. तेवढ्यात मुनीमजी गल्लीतूनच चालत आले, बंद असला तरी त्यांना घरी करमत नाही. मी मूठ मिटली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुनीमजी, खंडेनवमीला यंत्राची पूजा तुम्हीच केली होती ना?" ते खूश झाले. "मंग! तुमी लोक फोटोपुरतं फूल वाहणार. म्या रीतसर केली. हळद, कुंकू, अक्षता. पुढून टाकल्या तशा मागूनबी टाकल्या. देवाची पाठ मोकळी ठेवू न्हाई." म्याडमनी माझ्या मुठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "कचरा अडकला होता, निघाला." म्याडम म्हणाल्या, "हो, कचराच." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्यानंतर ते थिजलं नाही. एसटी सुरू झाल्या, पोरं आली, परीक्षेचा माणूस आला, मुनीमजींनी त्याच्यापुढं एका बोटानं अख्खं पान भरलं आणि घाम पुसत खाली गेले. जाताना मला जिन्यात थांबवून म्हणाले, "खरं सांगू का, पूजा केली होती म्हून वाचलं बघ हे." मी म्हणालो, "तर काय." खोकं परत माळ्यावर गेलं. म्याडमनी विचारलं, पुढच्या बॅचला यंत्राचं सगळं तूच बघशील का, शिकवीन तुला. मी म्हणालो, बघू. त्या म्हणाल्या, "बघू म्हणणारा माणूस उभ्यानं बोलतो. तू बसून म्हणालास."

हा कागद टाकायचा कुठं? पेडगावच्या पत्त्यावर आता दुसरेच लोक राहतात. म्हणून कॉम्प्युटरवर घालायच्या कापडाखाली ठेवून देणार आहे. दाणा खिडकीत ठेवला होता, तो चिमणीनं नेला. पंख्याच्या जाळीचं माप घेऊन एक सुती चिंधी मात्र कापून ठेवली आहे, खंडेनवमीला तेवढा वेळ वायर काढून मागून बांधायची, मग मुनीमजींनी खुशाल मुठीमुठीनं टाकाव्यात अक्षता. कापताना लक्षात आलं की दसऱ्याला अजून लय अवकाश आहे, आणि मी कुठल्याच गावात इतक्या पुढचं काही कधी कापून ठेवलं नव्हतं. राहतोच, असं तुला छातीवर हात ठेवून सांगत नाही. पिशवी अजून दाराशीच आहे. पण आतली चादर तेवढी बाहेर काढली आहे.