नाव काढलेला फोटो

राधानगरी,
मंगळवार

लाडकी निशी,

आईचा आशीर्वाद पोचला की आधी जेवून घे, मग पुढचं वाच. इकडं तुझे बाबा, मी आणि म्हैस आपापल्या जागी बरे आहोत. तुझा खोकला गेला का? फोनवर विचारलं की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर मी कोल्हापूरला दवाखान्यात छातीच्या तपासणीला गेलतो. (आपल्याकडं बायकाही ‘गेलतो’च म्हणतात, बेंगलोरात राहून विसरू नकोस.) सोबत पलीकडच्या घरातली चिमणाबाई. तिथल्या यंत्रात छाती अशी काही दाबली की मी म्हणालो, “अवं, धिरडं करताय व्हय?”

फोटो निघाल्यावर डॉक्टर तेजस्वीबाई (वयानं तुझ्याएवढ्याच, पण आईजवळ राहतात) समजावू लागल्या. हल्ली फोटो कॉम्प्युटरही बघतो आणि गाठीची शंका आली की गोल काढून दाखवतो. चिमणाबाई हबकलीच. “आमचं फोटो गावभर फिरणार न्हाईत न्हवं?” बाई म्हणाल्या, फोटो दवाखान्याबाहेर जातच नाही. नाव काढून टाकतात, कॉम्प्युटर इथंच त्यावरून शिकतो आणि शिकलेलं तेवढं बेंगलोरला जातं. तिथं बऱ्याच दवाखान्यांचं शिकलेलं एकत्र करतात.

बेंगलोर म्हटल्यावर मी कान टवकारले. कंपनीचं नाव विचारलं, तर तुझीच! मग मी काय सोडतोय? म्हणालो, “बाई, माझा फोटो नावासकट पाठवा. तिथं लेक हाय माझी.” त्या हसल्या. मी म्हणालो, “नाव न्हाई तर न्हाई, कोपऱ्यात एवढं लिहा की, आईनं विचारलंय, बरी हायस का.” चिमणाबाई मला चिमटे काढत होती. शेवटी बाईंनी माझा हात धरला. “मावशी, तिला काहीच दिसणार नाही. कुणालाच दिसू नये अशीच सोय केलीय. कदाचित तुमच्या लेकीनंच केली असेल.”

अभिमान वाटला गं, खोटं कशाला बोलू. पण तुला बघून दोन दिवाळ्या झाल्या (व्हिडिओत तुझं नुसतं कपाळ दिसतं). म्हटलं होतं, तू नाही तर नाही, माझी छाती तरी तुझ्या टेबलावर जाऊन येईल. काम करता करता तू एकदम थांबशील आणि म्हणशील, ही तर माझी आई.

चिमणाबाईचा फोटो साफ निघाला. तरी रुसलीय. म्हणते, यंत्रानं माझ्याकडं नीट बघितलंच न्हाई. येताना एसटीत खिडकीवरून माझ्याशी भांडली ती वेगळीच.

जागरणं करू नकोस. डोक्याला तेल लावत जा.

वाटेकडं डोळे लावलेली,
तुझी आई धोंडुबाई

ता.क. पार्सलनं साडी पाठवू नकोस. आधीच्यांची अजून घडी मोडायची आहे.

आणखी एक ता.क. यंत्रानं माझ्या फोटोवर गोल काढला. बाई म्हणाल्या, एवढुशी गाठ, एखादे वेळी त्यांच्याही नजरेतून सुटली असती. सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय, बरा होईल म्हणतात. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. बाबा म्हणतात, पोरीला कळवू नकोस, सगळं टाकून पळत येईल.

म्हणूनच कळवतोय.