कादरच्या संग्रहालयातला चौदावा प्राणी

सोमवार, ११ मार्च १९७४

खंडूला आज सस्पेंड केलं. आठ वर्षं गेटवर उभा राहिलेला वॉचमन, आणि चोर ठरवून घरी! गेल्या गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीदिवशी, भरदुपारी स्टोअरमधून यंत्रांच्या पितळी बुशांची पेटी गेली. तेव्हा खंडू गेटवर नव्हता. का? तर म्हणे मागच्या बाजूला कसलासा प्राणी दिसला, म्हणून त्याच्यामागे ओढ्यापर्यंत गेला. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. स्टोअरचा कारकून मीच, म्हणून जरा जास्तच हसलो.

मंगळवार, १२ मार्च

साहेबांनी मला एवढंच विचारलं — "साहेबराव, गुरुवारी सुट्टीतली मोजणी करून एक वाजता गेलात ना?" रजिस्टरात तशी सही आहे. "हो साहेब." झालं.

बुधवार, १३ मार्च

शिफ्ट, बस, घर. अंग दुखतंय, पण झोप नाही.

गुरुवार, १४ मार्च

सुट्टी. कादरच्या शेडवर गेलो. दर गुरुवारी जातो, पाट्या लिहायला — अक्षर बरं आहे ना माझं! इथेच भोसरीत, वेल्डिंगच्या शेडमागे त्याने संग्रहालय मांडलंय: कुणाला तरी दिसलेले, पण अजून न सापडलेले प्राणी. सगळे पत्र्याचे, सळ्यांचे. तेरा आहेत. कायदा कडक. पाहणाऱ्याने समोर बसून सांगायचं, कादरने जोडायचं, आणि पाहणारा "हाच" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. पुढे कुणी ओळखलं, की बाहेर! रहाटणीची गोजाबाई दोन दिवस बसून एक करवून गेली, आणि सांगवीच्या दत्तोबाने बघताक्षणी म्हटलं, "अरे, हे तर तरस!" दुसऱ्या दिवशी तरसाची खिडकीची जाळी झाली.

आज तिथं खंडू बसलेला! म्हणतो, "बनवून द्या, कादरभाई. सोमवारी चौकशी हाय. सायबाच्या टेबलावर ठिवतो, मग तरी पटंल." चौकशीत पुरावा म्हणून लोखंडी जनावर! हसावं की रडावं? पण कादरने काळी काच डोळ्यांपुढे धरलीसुद्धा.

खंडू सांगत गेला — वासराएवढा. शेपूट न्हाई. अंगावर केस न्हाई. संध्याकाळपर्यंत धड झालं, पाय झाले, डोकं झालं. खंडूची मात्र नन्नाच. "कायतरी चुकतंय. त्यो असा न्हवता." काय चुकतंय ते सांगता येईना. मग डोळे पुसत म्हणाला, "पोरीचं लगीन ठरलंय हो. चोराची पोर कोण करंल?"

मला बघवेना. तोंडातून निघून गेलं, "कादर, मान डावीकडे कलती कर."

कादरने केली. खंडू ताडकन उठला. "व्हय! हाच! ह्योच त्यो!"

आनंदात त्याच्या काही लक्षात आलं नाही. कादरच्या आलं. काच खाली ठेवून म्हणाला, "साहेबराव, तुला कसं ठाऊक?"

चहा पिऊन येतो म्हणालो आणि सरळ घरी आलो.

शुक्रवार, १५ मार्च

निदान इथे तरी खरं लिहावं. एक वाजता मी गेलो नव्हतो. आदल्या दिवशी डबल ड्यूटी झालेली, अंग मोडून आलं होतं. एक वाजता गेल्याची सही आधीच ठोकली, स्टोअरला कुलूप न लावता मागच्या कडुनिंबाखाली आडवा झालो. पाच मिनिटं म्हणून! डोळे उघडले तर तो समोर, दहा-पंधरा फुटांवर. मान डावीकडे. खंडूची हाक आली तसा पळाला. खंडू त्याच्यामागे. मी झाडाआड.

प्राणी खरा म्हणायचं तर उघडं दारही सांगावं लागेल. मग नोकरी गेलीच. लाज वाटते. भीती त्याहून जास्त वाटते.

रविवार, १७ मार्च

ठरलं. उद्या चौकशीत सगळं सांगायचं. बायकोला सांगितलं. चतुरा म्हणाली, "मग आठ दिवस कशाला थांबलात? रोज भरलेलं ताट उचलतेय मी." आज दोन भाकरी खाल्ल्या.

सोमवार, १८ मार्च

सकाळी पोचलो तर गेटवर खंडू, गणवेशात! चौकशी लवकरच उरकली होती. प्राणी म्हणालास तर चोरीत सामील, झोप लागली म्हणालास तर ताकीद देऊन सोडतो — असं साहेबांनी सांगितलं त्याला. त्याने झोपेच्या जबाबावर अंगठा दिला.

"काय न्हवतं तिथं, साहेबराव. झोपलो हुतो मी. त्ये जनावर कादरभाईकडंच ऱ्हाऊ दे. तुमी बी इसरा आता."

मी साहेबांच्या केबिनवरून सरळ पुढे गेलो. आत जाऊन स्टोअर उघडलं.

झोपलो मी होतो. अंगठा त्याने दिला.